उरलेल्या फुलांचे अर्थ

फुलांना अर्थ असतात हे मला व्हॅलेंटाइनच्या आठवड्यात कळलं, आणि ते आपल्याला हवे तसे बदलता येतात हे त्याच्या पुढच्या आठवड्यात.

मी मूळची साताऱ्याची. बी.कॉम. झाले, बँकेच्या परीक्षेत दोनदा आपटले आणि तिसऱ्यांदा आपटायची तयारी करत होते, तेवढ्यात सांगलीच्या मामीच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. मामाचं तिथे गणपतीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर फुलांचं दुकान. दुकान म्हणजे एक लांब फळी, वर पत्रा आणि पुढे पाण्याच्या बादल्यांची रांग. मामी बसायची नाही म्हटल्यावर फळीमागे माणूस हवं झालं. आईने माझी बॅग भरली आणि म्हणाली, "तिथं बसून अभ्यास होतोच की." होत नाही हे तिलाही ठाऊक होतं, मलाही. पण मी घरी नसल्याने तिचा जीव थोडा थंड होणार होता, त्यामुळे मी वाद घातला नाही.

मामा पहाटेच मिरजेच्या बाजारातून माल आणायचा. मग आम्ही दोघं हार ओवायचो, पुड्या बांधायचो, पाणी शिंपडायचो. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मामा फळीवरच बसल्या बसल्या डुलक्या काढायचा आणि मी पुस्तक उघडून मोबाइल बघायचे.

व्हॅलेंटाइनच्या त्या आठवड्यात बँकेतला एक तरुण कारकून लाल गुलाब मागायला आला. लाल सकाळीच संपले होते. मी त्याला सहा पिवळे गुलाब बांधून दिले आणि वर सांगितलं, "पिवळे जास्त शोभतात." दुसऱ्या दिवशी तो आला तो चेहरा पाडूनच. मुलीने फुलं घेतली, मोबाइलवर बघितलं, पिवळा गुलाब म्हणजे निव्वळ मैत्री असं तिथे लिहिलं होतं, आणि ती म्हणाली, "बरं झालं तूच सांगितलंस. मला कसं सांगावं कळत नव्हतं."

तो गेल्यावर मी मामाला म्हटलं, "मामा, फुलांना अर्थ असतात."

"दोनच," मामा म्हणाला. "ताजं आणि शिळं."

पण माझं डोकं चालू झालं होतं. दुकानात दर लिहायचा एक पांढरा फळा होता. त्याच्या उजव्या बाजूला मी वळणदार अक्षरात लिहिलं: 'फुलांचे अर्थ'. पहिल्या दिवशी इंटरनेटवर जे होतं तेच उतरवलं, प्रामाणिकपणे. लोक थांबून वाचू लागले. नारळ आणि जास्वंद घ्यायला आलेल्या बायका वाचून एकमेकींना कोपराने ढोसायच्या आणि जाताना एखादा गुलाब जास्तीचा न्यायच्या.

तिसऱ्या दिवशी बादलीभर जरबेरा उरला. माना टाकायला लागला होता. मी जरबेऱ्यापुढे जे काही होतं ते पुसलं आणि लिहिलं, 'तुझ्याशिवाय करमत नाही.' संध्याकाळी बादली रिकामी!

त्यानंतर मला आवर राहिला नाही. रोज सकाळी मी बादल्यांवर एक नजर टाकायचे आणि ज्याचा ढीग मोठा, त्याला त्या दिवशीचं प्रेम द्यायचे. सोमवारी अष्टर म्हणजे 'माझं मन तुझ्यापाशी', मंगळवारी शेवंती म्हणजे तेच. संपत आलेल्या फुलांना मी रुक्ष अर्थ देत असे. भाव चढला होता त्या दिवशी लाल गुलाबापुढे 'अभिनंदन' असं लिहिल्याचं मला आठवतं. मामाने फळा वाचला, माझ्याकडे बघितलं, गल्ल्याकडे बघितलं आणि परत झेंडूच्या माळेत सुई घातली.

अशात मार्चच्या एका शनिवारी सुभेदार आले.

ते निवृत्त सुभेदार आहेत हे मला नंतर कळलं, पण सैन्यातला माणूस आहे हे लांबूनच कळत होतं. ताठ पाठ, पांढऱ्या मिशा आणि इस्त्रीची घडी मोडू नये म्हणून जपून टाकल्यासारखी पावलं. कुंडलच्या अलीकडे त्यांचं गाव, उसाची शेती, आणि दर शनिवारी काही ना काही कामाला एसटीने सांगलीत फेरी. ते फळ्यासमोर उभे राहिले, हात पाठीमागे बांधले आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढलं.

"हे कुणी लिवलंय?"

"मी."

"पक्कं हाय?"

"आंतरराष्ट्रीय आहे," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मग इकडेतिकडे बघून आवाज उतरवला. "मंग मला सांग, घरातलं माणूस बोलत नसंल तर कुठलं फूल?"

"घरातलं म्हणजे मुलगा की सून?"

"ती दोघं पुण्याला असत्यात. त्यांचं काय न्हाई." ते जरा थांबले. "मालकीण."

"किती दिवस बोलत नाहीत?"

"तीन म्हयने अकरा दिवस."

मी गंभीर चेहरा करून बादल्यांकडे वळले. त्या दिवशी उरला होता गलांडा. लाल-पिवळ्या झालरीचं साधं फूल, देवाच्या हारात भरीला घालतात, सुटं कुणी विचारत नाही. "गलांडा," मी म्हणाले. "अर्थ असा की, चूक झाली, पदरात घ्या."

सुभेदारांनी खिशातून छोटी वही काढली, तारीख घातली आणि लिहून घेतलं. गलांड्याची भलीमोठी जुडी छातीशी धरून ते स्टँडकडे निघाले, तेव्हा मला हसू दाबायला फळीखाली वाकावं लागलं.

पुढच्या शनिवारी ते बरोबर अकराला हजर.

"रिपोर्ट असा हाय," त्यांनी वही उघडली. "फूल टेबलावर ठेवलं. अर्थ सांगितला. तिनं जुडी उचलली आणि गोठ्यात म्हशीपुढं टाकली. म्हशीनं खाल्ली."

"म्हणजे म्हशीने माफ केलं."

"म्हस रुसली नव्हतीच," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

घरातला कारभार कसा चालतो तेही त्यांनी सांगितलं. मालकीण त्यांच्याशी बोलत नसत, म्हशीशी बोलत. गोठा स्वयंपाकघराच्या खिडकीला लागूनच होता. "म्हशे, च्या निवतोय म्हणावं." "म्हशे, कुणीतरी मोटर चालू ठेवलीया बघ." सुभेदार ते ऐकून चहा घ्यायचे, मोटर बंद करायचे. त्यांनी एकदा म्हशीमार्फत उत्तर द्यायचा प्रयत्न केला, तर मालकिणीने खिडकीच लावून घेतली.

मी त्यांना अष्टर दिलं. 'तुमच्या आवाजासाठी कान तरसले.' ते देवापुढे वाहिलं गेलं. त्याच्या पुढच्या शनिवारी जरबेरा. तो तिने हौदात टाकला आणि चार दिवस म्हशीने त्याभोवतीचं पाणी प्यायलं. चौथ्या शनिवारी सुभेदारांनी वही माझ्यापुढे धरली. "ह्यात एक गडबड हाय. त्या दिवशी अष्टर म्हंजी आवाज हुता. आज फळ्यावर अष्टर म्हंजी 'वाट पाहतो' हाय."

"अर्थ ऋतूप्रमाणे बदलतात," मी म्हणाले. आज ते वाक्य आठवलं की माझंच मला नवल वाटतं. ते म्हणाले, "अस्सं," आणि तेही लिहून घेतलं.

पाठमोऱ्या मामाची सुई थांबली होती. सुभेदार तोंड धुवायला नळावर गेले तेव्हा तो पुटपुटला, "ए बये, त्या माणसाला खेळवू नगंस. खरं मानून चाललाय त्यो."

मला जरा टोचलं. ते परत आले तेव्हा मी पहिल्यांदाच विचारलं, "काका, पण त्या रुसल्या कशावरून?"

त्यांनी वही मिटून खिशात घातली. मग म्हणाले की, दारापुढच्या सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, जाईचा वेल होता. चांगला पत्र्यापर्यंत चढलेला. पोराने पुण्याहून सीसीटीव्ही कॅमेरा आणून बसवला, तर त्या कॅमेऱ्यात नुसती पानंच दिसत. "चोर आला असता तर पानं हललेली तेवढी दिसली असती. मी म्हणलं, अडचण हाय तर काढायची. गडी लावला, मुळासकट काढला. ती बाजाराला गेलती. आली, बघितलं, आणि तवापासनं..."

"त्यांना विचारलं नव्हतं?"

"वेलाचं काय इचारायचं?" सुभेदार म्हणाले. पण त्यांच्या सुरावरून वाटलं, गेले चार महिने हा प्रश्न ते स्वतःलाच विचारत असावेत.

इथे कुठल्याही शहाण्या मुलीने त्यांना घरी पाठवून सरळ माफी मागायला सांगितलं असतं. माझ्याही ओठांवर ते आलं होतं. पण त्या सकाळी दुकानात निशिगंधाचे चार जाडजूड हार पडून होते. कुठल्याशा सत्काराची ऑर्डर होती, पाहुणाच आला नाही म्हणून आयोजकांनी हार नेलेच नाहीत. मामा तेवढ्यात मामीला डॉक्टरकडे न्यायला घरी गेला. मी हारांकडे बघितलं, सुभेदारांकडे बघितलं.

"आज शेवटचा उपाय," मी म्हणाले. "निशिगंध. अर्थ, जन्मभराची साथ. पण हा सुटा द्यायचा नाही, हारच द्यायचा. चारही न्या. आणि वाटेत कुणाशी बोलू नका. घरी जाईपर्यंत मनात एकच विचार ठेवा. निशिगंध पुढचं स्वतः बोलतो."

पांढरा शर्ट, पांढरा लेंगा, पांढरी टोपी आणि दोन्ही हातांवर चार पांढरे हार. सुभेदार निघाले. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. मी खूश होते, हार संपले होते.

सोमवारी दुपारी एक ठेंगणी, सावळी बाई दुकानापुढे उभी राहिली. कपाळावर ठसठशीत कुंकू, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, हातात मोबाइल.

"अर्थ सांगणारी कोण हाय हितं?" तिने मामाला विचारलं.

मामाने क्षणाचाही विचार न करता माझ्याकडे बोट दाखवलं.

"मी सुभेदारांची मालकीण," ती म्हणाली. मी स्टूल पुढे सरकवलं. ती बसली, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि मोबाइलवर काहीतरी शोधत म्हणाली, "ये हिकडं. तुमीबी या आवं. तुमच्या भाचीनं काय केलंय ते बघून घ्या. आमच्या ह्येंच्या क्यामेऱ्यात सगळं घावलंय. त्याला आवाज न्हाई. आवाज मी देते."

मामा आणि मी तिच्या दोन्ही बाजूंनी वाकलो. पडद्यावर एक रिकामा सोपा, पायऱ्या आणि अंगण दिसत होतं.

"हे हितं काय न्हाई," ती म्हणाली. "पर हिकडं एसटीत काय झालं ते आदी ऐक. आमच्या गावचा एकजण गाडीत भेटला. त्यानं इचारलं, सुभेदार, हार कुणाला? हे म्हणालं, मालकिणीला. त्यो म्हणाला, आं? कवा झालं? ह्येंना वाटलं त्यो रुसव्याचं इचारतुया. हे म्हणालं, चार म्हयनं झालं सोसतुया, आज काय त्यो निकाल लागंल. आणि तोंड फिरवून बसलं. बोलू नका म्हणून तूच सांगितलं हुतंस न्हवं?"

मी मान खाली घातली. मामा खाकरला. ते खाकरणं नव्हतं, हसणं होतं.

"त्या बाबानं गाडीतनंच गावात फोन लावला. आता बघ."

पडद्यावर तोंडाला पदर लावून दोन बायका अंगणात आल्या. मग आणखी तीन. मग पाचसहा पुरुष, टोप्या काढून हातात घेतलेले. एक म्हातारी पायरीवर बसली आणि तिने हात वर केले.

"ही आमची शेजारीण," मालकिणीने आवाज दिला. "'अगं माझे बाय, कशी गं गेलीस! काल तर माझ्याकडनं मेतकूट नेलं हुतंस!'"

"आणि तुम्ही कुठे होतात?" मी विचारलं.

"मी मागच्या परसात, गोठ्यात. धार काढत हुते. मला रडणं ऐकू आलं. आता बघ हां."

पडद्याच्या कडेने ती स्वतः धावत आली. हातात कळशी होती, ती तिने वाटेतच टाकली. बायकांची गर्दी बघितली आणि ती तिथेच पायरीवर मटकन खाली बसली, पदर डोळ्यांना लावून. रडणाऱ्या बायकांनी वर बघितलं. कुणी किंचाळल्यासारखं तोंड उघडलं, कुणी मागे सरकलं. म्हातारीचे हात वरच राहिले.

"तुम्ही का रडताय?" मामाने न राहवून विचारलं.

"आवं, मला वाटलं हेच गेलं!" ती म्हणाली. "दारात एवढी माणसं, बायका रडायल्यात, आणि ह्येंची गाडी यायची येळ. मला दुसरं काय वाटणार?"

पडद्यावर सगळे हलत होते, पण ती बघत नव्हती.

"चार म्हयनं मी त्या माणसाशी बोलले न्हाई," ती म्हणाली. "आणि त्या पायरीवर मला पयलं काय आठवावं? सकाळी त्यांनी इचारलं हुतं, आणि एक भाकरी हाय का? आणि मी म्हशीला सांगितलं हुतं, हाय म्हणावं. तेच आठवलं. मनात म्हणलं, ह्येंना एकदा तरी तोंडानं सांगाया पायजे हुतं."

मामाने तोंड वळवून उगाचच एका बादलीतलं पाणी सारखं केलं.

मग पडद्यावर, अंगणाच्या तोंडाशी, सुभेदार आले. दोन्ही हातांवर चार हार, ताठ, समोर नजर. गर्दी दोन्ही बाजूंना सरकली. ते पायरीपाशी येऊन थांबले. मालकीण उभी राहिली. तिचं तोंड हललं.

"इथे काय म्हणालात?" मी विचारलं.

"काय म्हणणार? 'कुठं मेला हुता एवढा येळ?'"

मामा फुटला. हसता हसता तो फळीवर आडवा झाला, मला हसावं की रडावं कळेना, आणि ती बाई मात्र चष्मा पुसत होती. "तिथनं जे सुरू झाले ते रात्री जेवणं हुईपर्यंत थांबले न्हाई," ती म्हणाली. "चार म्हयन्यांचं साठलं हुतं. आणि आल्याली माणसं तशीच कशी लावून द्यायची? तीस जणांचा च्या झाला. कपं त्यांनी इसळली."

मग तिने मोबाइल पिशवीत ठेवला आणि फळ्याकडे वळली. अर्थ मोठ्याने वाचले, एकेक. "हे कुणी ठरवलं?"

मी खरं ते सांगितलं. जे फूल उरतं त्याला चांगला अर्थ. मला वाटलं ती ओरडेल. ती म्हणाली, "म्हंजी माझी समजूत घालाया तू दर शनवारी शिळी फुलं धाडत हुतीस."

"माझं माहेर आटपाडीचं," ती म्हणाली. "तवा तिकडं पाण्याचा टँकर यायचा, त्योबी आला तर. आईनं भांडी इसळल्याल्या पाण्यावर जाई जगवली हुती. भांड्यांचं पाणी कमी पडलं तर सोता एक तांब्या कमी प्यायची. माझं लगीन झालं तवा तिनं त्या जाईची फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून लाडवाच्या डब्यात घालून दिली. सासरी कुणाला सांगितलं न्हाई. हे तवा राजस्थानात. वेल वाढल्याला त्यांनी सुट्टीवर आल्यावरच बघितला. आई गेली त्या सालीबी त्यो फुलला हुता. आता तुझ्या त्या इंटरनेटवर जाईचा काय अर्थ लिवलाय बघ बरं."

मी बघितलं नाही.

"सुभेदारांना हे ठाऊक होतं?" मामाने विचारलं.

"न्हाई. मी कवा सांगितलंच न्हाई. परवा सांगितलं, कपं इसळताना." ती उठली. "ती माझीबी चूक म्हणा."

मग तिने मला शिक्षा सुनावली. येत्या शनिवारी त्यांच्या गावी यायचं, आणि तिच्यासाठी जितक्या बायका रडल्या तितक्यांना माझ्या हातचा गजरा द्यायचा. मोगऱ्याचा, ताज्या मोगऱ्याचा. मामा लगेच म्हणाला, "मोगरा माझ्याकडनं." ती गेल्यावर त्याने ओल्या फडक्याने फळ्याची उजवी बाजू स्वच्छ पुसली.

शनिवारी सुभेदारांच्या सोप्यावर बसून मी सकाळपासून दुपारपर्यंत सतरा गजरे ओवले. भिंतीवर वेलाचे ठसे अजून होते, चुन्यावर बारीक तपकिरी रेघा. त्यांच्या वरच कॅमेरा, डोळा वटारून. बायका एकेक करून येत, गजरा घेत आणि माझ्याकडे बघून "हीच व्हय ती?" असं विचारून खिदळत. शेजारची म्हातारी गजरा माळून म्हणाली, "लय झ्याक. पर मी एवढी रडले, मला दोन पायजेत." मी तिला दुसरा ओवून दिला. अठरा झाले.

सुभेदार एका कोपऱ्यात खुर्चीवर बसून होते. माझ्यावर रागावले नव्हते, पण बोलतही नव्हते. शेवटी मीच त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. "काका, चुकलं माझं. सगळे अर्थ खोटे होते."

त्यांनी वही काढली, पानं चाळली. "चार शनवार," ते म्हणाले. "अष्टर, गलांडा, समदं लिवून ठेवलंय." मग त्यांच्या मिशा जरा हलल्या. "पर शेवटचा उपाय लागू पडला की. ते तर खोटं न्हाई?"

दाराशी काळ्या पिशवीत नर्सरीतलं जाईचं रोप ठेवलं होतं. सुभेदारांनी ते आदल्या दिवशी आणलं होतं आणि भिंतीपाशी खड्डाही काढला होता. मालकीण जेवायला वाढताना म्हणाली, "त्यो खड्डा बुजवा. ह्यो वेल मी गोठ्यापाशी लावणार. तिथं तुमचा क्यामेरा न्हाई." ते लगेच उठून खड्डा बुजवायला लागले, तर ती खेकसली, "आदी जेवा की! भाकरी गार हुतीया!" म्हशीने खिडकीतून एकदा आत बघितलं. तिला बहुधा काम नसल्यासारखं वाटत असावं.

जूनमध्ये मामी चालायला लागली आणि मी साताऱ्याला परतले. परीक्षा दिली, या वेळी थोडक्यात हुकली. सप्टेंबरात सुभेदारांचा फोन आला. मालकिणीला कासच्या पठाराची फुलं बघायची आहेत, मुक्कामाला येऊ का? आईने दोघांना ठेवून घेतलं, दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं पठारावर गेलो.

धुकं होतं, मधूनच उन्हाचा झोत यायचा. अख्खं पठार तेरड्याने गुलाबी झालं होतं, मधे सोनकीचे पिवळे पट्टे. फुलांत कुणी शिरू नये म्हणून पायवाटेच्या दोन्ही बाजूंना दोऱ्या बांधलेल्या आणि ठिकठिकाणी शिट्ट्या घेतलेले राखणदार. सुभेदार फुलांची माहिती सांगणाऱ्या गाइडच्या मागे मागे, वहीत नावं लिहून घेत. एका इवल्याशा निळ्या फुलाजवळ तो म्हणाला, "हे किडे खातं." सुभेदार माझ्याकडे वळले. "ह्याचा काय अर्थ?" मी म्हटलं, "भूक लागली." त्यांनी खरंच लिहून घेतलं.

मालकीण पुढे गेली होती. गुलाबी तेरड्यापुढे ती उभी, आणि सुभेदारांना तिचा फोटो हवा होता. ते मोबाइल धरून मागे सरकत गेले, मागे, अजून मागे, आणि दोरी ओलांडून एक पाय फुलांत. जोरात शिट्टी वाजली.

सुभेदार जागच्या जागी थबकले. पाय एका झटक्यात मागे घेतला, टाचा जुळवल्या, छाती पुढे, मोबाइलवाला हात मांडीला घट्ट चिकटलेला. नजर समोर. राखणदार पोरसवदा होता, तो घाबरून जवळ आला. "काका, नुसतं बाहेर या म्हणालो हो."

काका हलले नाहीत. इतक्या वर्षांची सवय, शिट्टीवर अंग आपोआप ताठ झालं होतं, आणि आता ते कसं सोडवायचं हे बहुधा त्यांना कळत नव्हतं. लोक जमले. कुणीतरी फोटो काढला.

मालकीण हसायला लागली. आधी पदराआड, मग पदर सोडून. हसता हसता तिला दम लागला, ती वाटेवरच्या दगडावर बसली, माझ्या आईचा हात धरून. "आवं, चला आता!" ती ओरडली. "आवं, ऐकू येतंय न्हवं?" सुभेदार तसेच. शेवटी त्या राखणदाराने घसा खाकरला, खांदे सरळ केले आणि शक्य तेवढ्या जाड आवाजात म्हणाला, "विश्राम!"

तेव्हा कुठे ते सैल झाले, टोपी नीट केली आणि तिच्याकडे चालत आले.